काडेपेटी कुणाकडे?

शेजाऱ्यांकडून आलेला दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी जातो, तेव्हा आमच्या गच्चीवर काजळी पडायला सुरुवात होते. साखर कारखान्याचं धुराडं तसं घरापासून लांब आहे, पण दोरीवरचे पांढरे कपडे त्याला बरोबर सापडतात. जुबेदा, म्हणजे माझी बायको, माझा जुम्याच्या नमाजाचा सदरा झटकत म्हणते, "झाला बगा चालू कारखाना." मी सदऱ्याकडे बघत नाही. मी कठड्याशी जातो आणि गावाच्या वरच्या अंगाला पसरलेल्या माळाकडे बघतो. हिरवं किती उरलं, पिवळं किती झालं. पिवळं जास्त दिसलं की पुढचा पावसाळा येईपर्यंत मी रोज तेच मोजत बसतो.

लोकांना हे दिवस फार आवडतात. पुण्याहून भिगवणला पक्षी बघायला निघालेली मंडळी वाट वाकडी करून इकडे येतात, गाड्या रस्त्याकडेला लावतात आणि म्हणतात, काय सोन्यासारखं गवत आहे हो! फोटो काढतात. त्यांच्यातला एखादा सिगरेट पेटवतो आणि माझं सगळं लक्ष त्या सिगरेटकडे लागतं. ती विझली का, कुठे टाकली, टाकल्यावर पायाने चिरडली का. मला त्या सोन्यात वाळलेलं सरपणच दिसतं, त्याला मी काय करू?

मी मुळातच भित्रा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो माझ्यापाठी लहानपणापासून आहे. विहिरीला भ्यायलो, बैलाला भ्यायलो, शाळेत फळ्यापुढे उभं राहायला भ्यायलो. आता इंदापूर-बारामती रस्त्यावर माझं मोटारी भरायचं दुकान आहे. शेतकऱ्याची पाण्यातली मोटार जळाली की ती माझ्याकडे येते. आतली काळी पडलेली तार काढायची, तांब्याची नवी तार गुंडाळायची, वॉर्निश द्यायचं. लोकांच्या मोटारी जळतात म्हणून आमच्या घरात चूल पेटते. दिवसभर नाकात जळका वास घेऊन बसणारा माणूस आगीला सरावला असेल, असं कुणालाही वाटेल. मी उलटा आहे. मला त्या वासात रोज एकच गोष्ट कळते, की जळायला काहीच वेळ लागत नाही.

माळाच्या नादाला मला जुबेदाने लावलं. आमच्या गावातल्या वैशाली मॅडम बारामतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. त्यांनी एकदा बचत गटाच्या बायकांना माळावर नेलं. पंचायतीचं गायरान ते. मागे कधीतरी कुणी हौसेने तिथे झाडं लावली होती, सुबाभूळ आणि गिरिपुष्प, रांगेत. झाडं वाढली, त्यांच्याखालचं गवत गेलं, गवताबरोबर ससे गेले, चंडोल गेले आणि सावलीत नुसती धूळ उरली. मॅडम म्हणाल्या, ही झाडं काढून इथलं मूळचं गवत परत आणायचं. बायका हसल्या. जुबेदा हसली नाही. घरी येऊन तिने जेवता जेवता मला सांगितलं, "येत्या रविवारपासनं आपण माळाव जायचं. गवत लावायला."

मी म्हणालो, "गवत कोण लावतं? गवत काढतात."

"म्हणून तर लावायचं," ती म्हणाली आणि माझ्या ताटात अजून एक भाकरी टाकली.

पुढची काही वर्षं गावाने आमची यथेच्छ टिंगल केली. झाडं लावणाऱ्याचा फोटो पेपरात येतो, आम्ही पंचायतीचा ठराव खिशात ठेवून झाडं तोडत होतो. दुकानात मोटार घेऊन आलेला माणूस मुद्दाम विचारायचा, "काय रफिकभाई, औंदा गवताचा उतारा कसा हाय?" दिवाळीनंतर आम्ही उरल्यासुरल्या जुन्या माळांवरून पवन्याचं, मारवेलचं, डोंगरीचं बी गोळा करायचो. नीरा-भीमेच्या संगमाकडे, नरसिंहपूरला कुणी देवाला निघालं की जुबेदा त्यांच्याकडे पिशवी द्यायची, वाटेत चांगलं गवत दिसलं तर तुरे आणा म्हणून. आमची गच्ची बियांनी भरलेली असायची. ती सुपात पाखडायची, मी पायमोज्यातली कुसळं उपटत बसायचो. उन्हाळ्याच्या शेवटी माती, शेण आणि बी कालवून त्याच्या गोळ्या करायच्या आणि माळभर टाकायच्या. मधेमधे हिवर, बोर, बाभूळ. दाट लावायची नाहीत, लांब लांब. एका झाडावरून हाक मारली तर दुसऱ्यापर्यंत जेमतेम पोचावी, इतकी लांब.

मग एका श्रावणात मी गाडीवाटेने चालत होतो आणि गवत माझ्या कमरेला लागलं. वारा आला तसं ते सगळं एका बाजूला कललं आणि परत उभं राहिलं. त्यातून एक ससा माझ्या पायाजवळून निघून गेला. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण तो आनंद माळातल्या ओढ्यापर्यंतही टिकला नाही. तिथे पोचेपर्यंत माझ्या मनात आलं होतं, की आता आपल्याकडे जळण्यासारखं काहीतरी आहे.

ज्याच्याकडे काही नाही त्याला चोराची भीती नसते. मोकळ्या धुळीच्या माळाला मी कधी भ्यायलो नव्हतो.

माळ वाचवायचा तर जाळपट्टा लागतो. माळाच्या कडेने, ट्रॅक्टर सहज जाईल एवढ्या रुंदीचं गवत कापायचं, चार दिवस वाळू द्यायचं आणि संक्रांतीच्या सुमाराला, सकाळी दव असताना, वारं पडलेलं असताना, आपणच जाळून टाकायचं. म्हणजे पुढे उन्हाळ्यात बाहेरून आग आली तरी त्या काळ्या पट्ट्याशी येऊन तिला खायला काही मिळत नाही. ऐकायला सोपं आहे. करताना दोन्ही बाजूंना माणसं ओली पोती घेऊन उभी असतात आणि एकाच्या हातात काडेपेटी असते.

पहिल्या वर्षी ती काडेपेटी बिरूआबांकडे होती. बिरूआबांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, आता ऊस आणि डाळिंब आहे. सत्तरी ओलांडलेला हा माणूस अजून कशालाच भीत नाही. त्यांनी सदऱ्याला हात पुसले, काडी ओढली आणि गवताला लावली. त्याच वेळी वैशाली मॅडम पट्ट्याच्या आत खाली बसून पायमोज्यातली कुसळं काढत होत्या. कुणालाच दिसल्या नाहीत. त्या कशा उडी मारून बाहेर आल्या ते त्यांनाच ठाऊक. वेणीचं टोक करपलं होतं. बिरूआबा मटकन खाली बसले.

मॅडम पाणी प्यायल्या आणि त्यांनी तिथेच नियम केला. म्हणाल्या, "यापुढे आपल्यात जो सगळ्यात जास्त भितो, त्याच्याकडे काडेपेटी."

सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. एकाही माणसाला विचार करावा लागला नाही.

दुसरा नियम मी केला, भीतीपोटीच. काडी ओढायच्या आधी माळावर आलेल्या प्रत्येकाचं नाव मोठ्याने घ्यायचं. त्याने जिथे असेल तिथून "हाय" म्हणायचं. एकाचा जरी आवाज आला नाही तरी काडी ओढायची नाही. सुरुवातीला लोक शाळेतल्या हजेरीसारखं हसत. मी मात्र प्रत्येक "हाय" कुठून आला ते बघत असे. सगळे आवाज पट्ट्याबाहेरून आले, की मग माझ्या बोटांना काडी धरता यायची.

माझं नाव मात्र कुणी घ्यायचं नाही, कारण काडेपेटीवाला आगीच्या बाहेर असणारच, असं आम्ही धरून चाललो होतो.

नावावरून आठवलं. जुबेदाने लग्न झाल्यापासून माझं नाव घेतलेलं नाही. आमच्याकडच्या जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मग त्या कुठल्याही घरातल्या असोत. बँकेत साहेबाने नवऱ्याचं नाव विचारलं तर ती माझ्याकडे बोट दाखवते. फोनवर कुणी विचारलं तर दुकानाच्या पाटीवर आहे म्हणून सांगते. मला ती "अहो" म्हणते, नाहीतर "ऐकलं का", आणि फारच चिडली तर नुसतीच भांडी आपटते. संक्रांतीला शेजारच्या बायका उखाण्याचा आग्रह करतात, तेव्हा ती हळदीकुंकवातून उठून चहा करायला जाते. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. अहो म्हटलं की मी वळतोच.

आता त्या वर्षाचं सांगतो. होळी आणि रोजे एकाच महिन्यात आले होते.

जाळपट्टा जवळजवळ पुरा झाला होता. माळाला लागून तात्यांचं शेत आहे, त्यांच्या उसाकडचा एक कोपरा तेवढा राहिला होता आणि तिथेच जुबेदाला पखुर्डीची अंडी दिसली. पखुर्डी म्हणजे कबुतराएवढा, मातीच्याच रंगाचा पक्षी. घरटं बांधायचीही तसदी घेत नाही, जमिनीवर जराशी खोलगट जागा बघून अंडी घालतो. तीन अंडी होती, ठिपक्यांची. आम्ही सगळे गोल उभे राहून बघत होतो. मादी थोड्या अंतरावर दबून बसली होती आणि आम्हाला बघत होती. हा पक्षी परत यावा म्हणून तर आम्ही एवढी वर्षं हात सोलून घेतले होते. ज्याला गवताशी काही देणंघेणं नाही त्याने काडी लावून घर गाठलं असतं. आम्ही तेवढा तुकडा सोडला. कुणी वाद घातला नाही, मीही नाही. पिल्लं निघाली की जाळू, असं ठरलं.

पिल्लं निघाली. पखुर्डीची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्या आल्या चालायला लागतात, ती आईबापामागे गवतात शिरली. पण तोवर वारं सुटलं होतं. सकाळीही पडेना. अशा वाऱ्यात काडी ओढायची माझी छाती नव्हती. मग ठरलं की जाळायचं नाही, रविवारी विळ्यांनी कापून काढायचं. मधल्या दिवसांत मी दुकानातून दहादा उठून रस्त्यावर जायचो आणि माळाकडे बघायचो. काळ्या पट्ट्यात ते पिवळं ठिगळ लांबूनही दिसायचं. दार उघडं टाकून गावाला गेल्यासारखं वाटायचं.

जुबेदाला रविवारपर्यंत धीर नव्हता. शुक्रवारी दुपारी मी नमाजाला निघालो, तेव्हा ती पदर खोचून विळा शोधत होती. मी म्हणालो, रोजा आहे, ऊन आहे, एकटी कशाला जातेस? "माझ्या पाखरापायी ऱ्हायलंय ते," ती म्हणाली. "हळूहळू कापते. तुमी जावा."

मशिदीतून बाहेर पडून चपला घालत होतो, तेव्हा बिरूआबांचा फोन आला. "रफिकभाई, माळ पेटला. तात्याच्या अंगानं."

तात्यांनी पाचट पेटवलं होतं. ऊस तुटून गेला की खाली पाल्याचा थर राहतो, तो दरवर्षी पेटवतात. त्यांनी बांधाच्या कडेने पाणीही सोडलं होतं. वाऱ्याने एक पेटता पाला उचलला आणि बरोबर त्या ठिगळात नेऊन टाकला. जुबेदा ज्या ठिगळात विळा घेऊन गेली होती, त्यातच.

गाडी चालवताना मी तिला फोन लावत होतो. पहिल्यांदा घंटी वाजली. वाजत राहिली, कुणी उचलला नाही. परत लावला, परत वाजली. तिसऱ्या वेळी बाईचा आवाज आला, की आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती सध्या उपलब्ध नाही. मी ते वाक्य आयुष्यात शेकडो वेळा ऐकलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यातला प्रत्येक शब्द कळला.

माळाच्या मधोमध गाडीवाट आहे. मी पोचलो तेव्हा सगळे तिथे जमले होते. बिरूआबा, मॅडम, अनवाणी धावत आलेले तात्या, आणखी आठ-दहा माणसं, हातात पोती. समोरून आग येत होती. आग लांबून दिसते त्याहून तिचा आवाज भयंकर असतो, सतत काहीतरी मोडत असल्याचा. धुराच्या पुढे कोतवाल पक्षी उडणारे किडे टिपत होते. एक ससा आमच्या पायांमधून पलीकडे गेला, त्याला आमची भीती उरली नव्हती.

मॅडम म्हणाल्या, "रफिकभाई, वाटेच्या कडेने काडी लावायची. आपली आग तिकडे गेली की दोन्ही समोरासमोर येऊन विझतील. अलीकडचं सगळं वाचेल. लगेच."

मला कळत होतं. अलीकडे आमचा सगळ्यात जुना तुकडा होता, पहिल्या वर्षी लावलेला पवन्या, माणसाच्या खांद्याला आलेले हिवर. वाटेपलीकडचं थोडं आपण जाळलं की हे राहणार होतं. मी डिकीतून काडेपेटी काढली. आणि सवयीने नावं घ्यायला लागलो.

"बिरूआबा?"

"हाय."

"मॅडम?"

"हाय."

"तात्या?"

"हाय रं बाबा, हाय. वढ लवकर."

एकेक करून सगळे झाले. मग मी म्हणालो, "जुबेदा?"

आगीचा आवाज तेवढा येत होता. मी परत हाक मारली. वाटेपलीकडे धूर होता आणि धुराच्या मागे ते ठिगळ, आणि मला हे ठाऊक नव्हतं, की ती धुराच्या कुठल्या बाजूला आहे. कदाचित ती गवतातून आमच्याकडे पळत येत असेल. कदाचित वाटेच्या आधीच पडली असेल, उपाशीपोटी माणसाला भोवळ येते. मी काडी लावली तर ती दोन आगींच्या मधे सापडणार होती. पेटीतून एक काडी मी बाहेर काढून धरली होती.

बिरूआबा म्हणाले, "रफिकभाई, वढा काडी. आता न्हाय तर कवा?"

मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "परत हाक मारा."

मी मारली. घसा फाटेपर्यंत मारली. मागे रस्त्याच्या बाजूला कुठल्यातरी ट्रॅक्टरचा आवाज होता आणि कुणीतरी बाई घोगऱ्या आवाजात "अहो, अहो" करून ओरडत होती. आमच्यातले पुरुष वळून बघू लागले, पण धुरात कुणी दिसलं नाही. मी समोरच बघत होतो, धुरात, ती जिथून बाहेर येईल असं मला वाटत होतं तिकडे.

काडी माझ्या बोटात तशीच राहिली आणि आग वाट ओलांडून अलीकडे आली.

मग काय, पोती, डहाळ्या, खोकला, डोळ्यांतून पाणी. अलीकडचा तुकडा आमच्यासमोर गेला. पवन्या एका दमात जातो, हिवराला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात धुरातून बिरूआबांचा ट्रॅक्टर आला, फवारणीची टाकी जोडलेला. चालवत होती त्यांची सून मनीषा आणि टाकीवर नळी धरून बसली होती जुबेदा. तोंड काळं, पदर डोक्याला गुंडाळलेला. धूर दिसल्या दिसल्या ती रस्त्याच्या बाजूने बाहेर पडली होती आणि पाणी आणायला धावली होती. फोन हिवराखालच्या पिशवीत राहिला होता. टाकीतल्या पाण्याने ओढ्याची कड भिजवली आणि ओढ्यापलीकडचं तेवढं वाचलं.

सगळं निवल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझ्या हातातली न ओढलेली काडी तिने बघितली.

"का न्हाय वढली?"

"तू हाय म्हणाली न्हाईस."

 सूर्य मावळल्यावर तिने तिथेच माळावर रोजा सोडला. खजूर घरी राहिला होता, बिरूआबांच्या घरचं ताक होतं. दोन्ही हातांनी तांब्या धरला होता, तरी ताक हनुवटीवर सांडत होतं. मला वाटलं, दमली असेल.

नंतर त्या दिवसावर फारसं कुणी बोललं नाही. बिरूआबा एकदाच म्हणाले, "पाखरापायी माळ घालवला." त्यावर जुबेदा म्हणाली, "आबा, पाखरासाठीच माळ केला व्हता न्हवं?" बिरूआबांनी मान हलवली, पण ती व्हय की न्हाय, ते मला कळलं नाही.  मी काडी न ओढल्याबद्दल मला कुणी बोल लावला नाही. परत तीच वेळ आली तर मी परत ओढणार नाही, हे मात्र मला पक्कं माहीत आहे, आणि म्हणूनच मला माळाची आणखी भीती वाटते. ज्याच्या भरवशावर माळ आहे तो माणूस कुठे कच्चा आहे, हे आता मला ठाऊक आहे.

पुढच्या पावसाळ्यात गवत आलं. गवताच्या मुळ्या खाली जिवंत असतात. लोक म्हणाले, बघा, उगाच घाबरला होता. पण हिवराची बरीचशी काळी खुंटं तशीच उभी राहिली. ओढ्याच्या कडेने फिरताना पायाखाली सरड्यांचं, सशांच्या पिल्लांचं काय काय सापडायचं, ते मी इथे लिहीत नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर आता गच्चीवर काजळीचा कण पडला तरी त्याला हात लावून बघतो, गरम आहे का.

यंदाही गवत पिवळं झालं आहे. गेल्या आठवड्यात आम्ही पट्टा कापला. कापायच्या आधी सगळे मिळून त्यावरून चाललो, आणि तात्यांच्या कोपऱ्यापासून थोडं पुढे परत पखुर्डी दिसली. या वेळी ठिगळ सोडलं नाही. पट्टाच बाहेरून वळवला, तिला गवताच्या आत घेऊन. तात्यांनी बांधाकडची दोन सऱ्यांची जागा दिली आणि पाचट यंदा पेटवायचं नाही, कुजवायचं, असं स्वतःहून सांगितलं. लांबून बघितलं तर पट्ट्याला पोट सुटल्यासारखं दिसतं. गावाला टिंगलीला नवा विषय मिळाला.

आज सकाळी जाळायचं होतं. दव भरपूर होतं, वारं अजिबात नव्हतं, तोंडातून वाफ निघत होती. माणसं पोती भिजवून दोन्ही बाजूंना उभी राहिली. मी खिशातून काडेपेटी काढली, तेवढ्यात जुबेदा माझ्यापुढे आली आणि तिने हात पसरला.

"हिकडं द्या ती."

बिरूआबा हसले. "सूनबाई, नेम म्हाईत हाय न्हवं? जो जास्त भितो त्याच्याकडं. तुमाला कशाची आलीय भीती?"

जुबेदाने हात मागे घेतला नाही. खाली बघून बोलत होती, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"त्या दिशी आमी रस्त्यानं आलो तवा हे वाटंवर व्हते. मला धुरात पाठ दिसत व्हती. मला वाटलं, मला हुडकायला आत शिरत्यात. मी अहो अहो म्हणून वरडले. तितं सगळेच कुणाचं ना कुणाचं अहो. सगळ्या बाप्यांनी वळून बघितलं, ह्यांनी तेवढं न्हाय, मग पाठ बी दिसंना. नाव घेतलं असतं तर वळले असते. काडी वढली असती. माळ ऱ्हायला असता." मग तिने गवताकडे बघितलं. "माळाचं जाऊ द्या. मला वाटलं, गेले. तवापासनं मला गवत पिवळं दिसलं की भ्या वाटतं. ह्यांच्यापरीस जास्त."

इतकी वर्षं एका घरात राहून मला हे कळलं नव्हतं. गच्चीवर मी कठड्याशी जाऊन माळाकडे बघत होतो, तेव्हा सदरा झटकत ती कशाकडे बघत होती, हे मी कधी पाहिलं नाही. मॅडम म्हणाल्या, "द्या रफिकभाई." मी काडेपेटी तिच्या हातावर ठेवली. तिचा हात माझ्यापेक्षा गार होता.

तिने नावं घ्यायला सुरुवात केली. बिरूआबा. हाय. मॅडम. हाय. तात्या, मनीषा, एकेक करून सगळे. प्रत्येक आवाज कुठून येतो, ते ती मान वळवून बघत होती. सगळे झाले, पण तिने काडी ओढली नाही. आता काडेपेटी माझ्याकडे नव्हती, म्हणजे एक नाव राहिलं होतं. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "भाभी, उखाणा घ्या, उखाणा!" मनीषाने तोंडाला पदर लावला. सगळा गाव मला रफिकभाई म्हणतो, तेही तिला चालण्यासारखं नव्हतं.

ती गवताकडे बघत होती, माझ्याकडे नाही. तिने काडेपेटी मुठीत घट्ट धरली.

"रफिक!"

मी तिच्या शेजारीच उभा होतो, हात लावता येईल इतका जवळ. पण ते नाव तिच्या तोंडून ऐकण्यात मी हाय म्हणायचं विसरलो. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंचं हसणं थांबलं होतं. तिने माझ्याकडे वळून बघितलं नाही. मी पट्ट्याच्या पार त्या टोकाला असल्यासारखी ती पुन्हा ओरडली, पहिल्यापेक्षा मोठ्याने.

"रफिक!"

"हाय," मी म्हणालो.

मग तिने काडी ओढली.